धुऱ्यावरचा जावई

अकोल्यात माझ्याविषयी दोन पक्ष आहेत आणि दोन्ही माझ्या विरोधात आहेत. एक म्हणतो, जावयाने झेंडा वर करायलाच नको होता. दुसरा म्हणतो, एकदा वर केला होता तर खाली घ्यायला नको होता. मी दोघांनाही सांगत आलो आहे की, वर केला तेव्हाही मी प्रामाणिक होतो आणि खाली घेतला तेव्हाही. पण सासुरवाडीत जावयाच्या ताटाकडे लक्ष असतं, बोलण्याकडे नाही.

मी अमरावतीचा. शेतजमिनीची मोजणी करणे ही माझी नोकरी. दोन शेतांमधल्या हद्दीला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि वऱ्हाडात सख्खे भाऊ दोन गोष्टींवरून बोलायचे बंद होतात. त्यातला एक धुरा. (दुसरी गोष्ट सांगत नाही, तिचे लोक अजून हयात आहेत.) इतक्या वर्षांत मी एकच शिकलो : धुरा पाहायचा तर धुऱ्यावर उभं राहावं लागतं. बाजूला उभं राहून सरळ रेघही तिरपी दिसते. हे वाक्य मी घरी इतक्या वेळा ऐकवलं आहे की माझी बायको वंदना ते माझ्याआधी पूर्ण करते. कुकरच्या शिट्टीवरून वाद झाला तरी मी ते ऐकवतो. हे सगळं आठवणीत असू द्या, कारण पुढे ते माझ्याच डोक्यात पडणार आहे.

मुलगी श्रावणी फुटबॉल खेळते. पुढच्या फळीत. तिने सुरुवात केली तेव्हा तिच्या वयाच्या मुलींचा एक पूर्ण संघ भरत नसे. सरावाला उरलेल्या जागा कुणाकुणाचे भाऊ भरायचे आणि पाय तुडवले की रडायचेही तेच. आता बघावं तर बडनेऱ्याचा संघ आहे, परतवाड्याचा आहे, शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांमधून येणाऱ्या मुलींचा आहे (या मुलींच्या धक्क्याने आमची एक खेळाडू थेट पाण्याच्या पिंपात बसली होती). लीग आल्या, लीगमध्ये गट आले, वरचा गट, खालचा गट, चढणं, उतरणं. शेजारचे अण्णा निवृत्त झाल्यापासून आमच्या घराची काळजी वाहतात. ते एकदा फाटकावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, पोरीची टांग मोडली तं लगन कसं होईन?"

"टांग मोडली तर प्लास्टर होईन, अण्णा," मी म्हणालो. "प्लास्टर अन् लगन वेगळं खातं आहे."

अण्णांनी फाटकावरचा हात काढला, पण काळजी काढली नाही.

तर लीग वाढल्या, संघ वाढले. वाढली नाहीत ती रेषेवर झेंडा घेऊन उभी राहणारी माणसं. मैदानात एक मुख्य पंच यायचा, तोही बाहेरगावाहून. मग असं ठरलं की प्रत्येक संघाने नियम माहीत असलेला एक पालक द्यायचा. आमच्या शीतल मॅडम, म्हणजे मुलींच्या कोच, यांनी पालकांच्या सभेत माझ्याकडे पाहिलं. मला नियमांचं पुस्तक पाठ होतं. पाठ होतं हे सगळ्यांना माहीत होतं, कारण मी ते सभेत म्हणून दाखवलं होतं.

"काका, झेंडा तुमीच धरा," मॅडम म्हणाल्या. "तुमी मोजणीतले. तुमच्यावर कोन बोट ठेवीन?"

या प्रश्नाचं उत्तर पुढे दोन जिल्ह्यांनी दिलं.

मोसमातला शेवटचा सामना अकोल्याला, अकोल्याच्याच संघाशी. जिंकलो तर आम्ही वरच्या गटात. बरोबरी झाली तरी अकोला वर, कारण ते गुणांत आमच्या पुढे होते. आमच्या निम्म्या मुलींचं त्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कुणी अकरावीत, कुणी क्लासला, कुणी आजोळी. हा संघ पुन्हा एकत्र दिसायचा असेल तर तो वरच्या गटातच दिसणार होता, कारण तिथे वयाची अट एका वर्षाने सैल होती. श्रावणी आठवडाभर घरात नुसती बुटांचे बंद बांधायची आणि सोडायची.

आणि इथे वंदनाने फोन केला.

तिचं माहेर अकोल्याचं, मैदानाला लागून असलेल्या गल्लीत. संघ येणार म्हटल्यावर आईला न सांगणं म्हणजे गुन्हा. मी स्पष्ट निरोप दिला होता : मुलींना सामन्याआधी फक्त हलकं, म्हणजे केळं, फार तर वाटीभर पोहे. सासूबाईंनी तो ऐकला आणि मला फोनवर बोलावून घेतलं.

"जवाईबापू, जवाई दारात येऊन राहिला अन् मी त्याच्या हातावर केळं ठेवू? लोकं काय म्हनतीन?"

"आई, जेवण जड नको. पोरींना पळायचं आहे."

"जड कोन करते? हलकेच करतो. रोडगेच तं करून राहिलो."

रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : जाड कणकेचे, घड्या घातलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे, त्यावर तूप ओतायचं आणि ते तूप दिसेनासं झालं की पुन्हा ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची तिखट भाजी. रोडगे खाऊन माणूस उठतो, पण लगेच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि धुराचा वास मैदानापर्यंत गेला होता. शीतल मॅडमनी विरोध केला. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून पहिल्या पानावर बसवलं आणि त्यांचा विरोध तिथेच संपला. अकोल्याच्या संघाची गोलकीपर शेजारच्याच घरातली निघाली. तिने वासावरून डोकावलं. "ये वं बाई, तूबी लेकरूच होय," असं म्हणून सासूबाईंनी तिलाही बसवलं, आणि मग तिच्यामागून तिचा बराचसा संघ आला. आमच्या सासूबाई सामना आणि पंगत यांत फरक करत नाहीत, हे त्यांच्याविषयी मानानेच सांगतो.

मुख्य पंच नागपूरचे, तरुण, सडसडीत. तेही दारापाशी आले. प्रमोदने, म्हणजे माझ्या साळ्याने, त्यांना आत बोलावलं. तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो की, पंचाने कोणत्याही बाजूचं अन्न घेणं योग्य नाही. बिचारे पंच तोंडात आलेलं पाणी गिळून मैदानाकडे परत गेले. मी समाधानाने खाली बसलो आणि तिसरा रोडगा फोडला. (झेंडा धरणाराही पंचच असतो, हे पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. मला ते पाठ होतं. त्या क्षणी आठवलं नाही.)

एकटी श्रावणी पायरीवर बसून केळं खात होती.

"आजीचा मान राख," मी तिला म्हणालो. "एक तरी खा."

"मी मॅचनंतर जेवीन, बाबा. आजीचा मान राखाले तुमी आहात नं."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर ढग आले. ते घालवण्यासाठी मी चौथा घेतला.

सामन्याचा पूर्वार्ध सांगण्यासारखा नाही. लग्नाच्या पंगतीनंतर वऱ्हाडी मंडळी मांडवात ज्या गतीने फिरतात त्या गतीने दोन्ही संघ फिरत होते. चेंडू एखाद्या मुलीच्या बाजूने गेला की ती त्याच्याकडे ओळखीच्या माणसासारखी बघायची आणि जाऊ द्यायची. अकोल्याची गोलकीपर खांबाला पाठ टेकून उभी होती. आमची तर दोनदा जांभई देताना मी पाहिली. गोल कुणाचाच नाही. एकट्या पंचांची चाल तेवढी वाघासारखी होती. भुकेला माणूस चपळ असतो.

उत्तरार्धात अमरावतीचा हल्ला माझ्या बाजूने होणार होता. नियम असा : झेंडेवाल्याने समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत राहायचं. ती पुढे गेली की आपण पुढे, ती मागे आली की आपण मागे. मी सुरुवातीला राहिलो. मग तूप खाली बसलं आणि वांगं वर आलं. मी मधल्या रेषेपाशी थांबलो आणि मनाशी म्हणालो की, इथूनही चांगलं दिसतं.

सामना संपत आला असताना श्रावणीला चेंडू मिळाला. ती निघाली. मैदानावर ती एकटीच धावत होती. बाकी सगळ्या तिला निरोप द्यायला जमल्यासारख्या उभ्या होत्या. गोलपुढच्या चौकोनाच्या तोंडाशी तिने चेंडू मारला, आणि तो जाळीत. मी दोन पावलं धावलो. रोडगे आले नाहीत. चेंडू तिच्याकडे आला तेव्हा मला माझ्या जागेवरून ती अकोल्याच्या शेवटच्या पोरीच्या चांगली पुढे दिसली होती, म्हणजे नियमाबाहेर, आणि माझा हात आपोआप वर गेला.

शिट्टी वाजली. ऑफसाइड!

अमरावतीच्या मुली जिथे होत्या तिथेच मटकन बसल्या. शीतल मॅडमनी डोळ्यांवर हात घेतला. वंदना पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती; तिने एक बाटली खाली ठेवली आणि सावकाश म्हणाली, "घरी या तुमी. मंग पाह्यतो."

मी मात्र ताठ उभा होतो. झेंडा वर, छाती पुढे. स्वतःच्या पोरीच्या गोलवर झेंडा उचलणारा माणूस अमरावती विभागात दुसरा झाला नसेल, असं मला वाटून राहिलं होतं. अकोल्याच्या बाजूने टाळ्या पडत होत्या. "याले म्हनते न्याव," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. "जवाई पाहून केला आमी."

श्रावणी माझ्याकडे चालत आली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, त्यांची शेवटली पोरगी कुठी होती?"

मी बोट दाखवलं. बरंच लांब दाखवावं लागलं.

"अन् तुमी कुठी होते?"

मी खाली पाहिलं. माझ्या दोन्ही बुटांच्या मधोमध मैदानाची मधली रेषा होती. ताज्या चुन्याची. इतकी स्पष्ट खूण मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

"धुरा पाहाचा तं कुठी उभं राहा लागते, बाबा?"

तिने आवाज चढवला नव्हता. पण वंदनाने पलीकडून वाक्य पूर्ण केलं, सवयीने. "धुऱ्यावर."

आता माझी अडचण समजून घ्या. झेंडा तसाच ठेवला, तर न पाहिलेलं पाहिलं असं म्हणावं लागत होतं. खाली घेतला, तर पोरीसाठी बाप विरघळला असं साऱ्या सासुरवाडीसमोर ठरणार होतं. मोजणीत माझ्यावर दोन भाऊ एकाच वेळी ओरडले आहेत, एकाने तर काठीही उचलली होती, पण तेव्हा दोघांपैकी एकही माझी सासू नव्हती.

मी झेंडा खाली घेतला आणि पंचांना हाक मारली.

"मी रेषेत नव्हतो. इथून घेतलेलं माप चुकीचं आहे. माझा झेंडा हिशेबात धरू नका."

पंच म्हणाले, "मले ती बरोबर दिसली होती, मी जवळ होतो. तुमचा झेंडा पाहून शिट्टी मारली. चेंडू तवा आत गेलेला होता." आणि त्यांनी मधल्या रेषेकडे हात केला. गोल!

मग अकोला उठलं. मघाशी टाळ्या वाजवणारे तेच हात आता माझ्या दिशेने येत होते. प्रमोद सगळ्यांत पुढे.

"भाऊजी, एकदा वर, एकदा खाली. खरं दोन-दोन कसं असते?"

"वर केला तेव्हा जे दिसलं ते खरं," मी म्हणालो. "खाली घेतला तेव्हा कुठून दिसलं ते खरं. अन् पुन्हा असं झालं तर पुन्हा खाली घेईन. कोणाचीही पोरगी असो."

"मंग रेषेवर काहून नव्हते तुमी?" अकोल्याच्या कोचने विचारलं.

मी झेंड्याची काठी पुसायला घेतली. उत्तर सासूबाईंनी दिलं. जावयाच्या बाजूने बोलण्याची त्यांना ती योग्य वेळ वाटली असावी.

"कसे राहातीन? चारच तं खाल्ले," त्या साऱ्या मैदानाला म्हणाल्या. "आंगात ताकतच नाई."

दोन्ही संघ, दोन्ही कोच आणि उपाशी पंच, सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. असं एकमत त्या मैदानावर त्या दिवशी दुसऱ्या कशावरही झालं नाही.

तर आम्ही जिंकलो. निघताना श्रावणीने आजीच्या पाया पडून अंगणात बसून रोडगे खाल्ले, आणि मोजण्याचा धीर मला झाला नाही. पंचही तिच्या शेजारी बसून जेवले.

आता वरच्या गटाचे सामने सुरू झाले आहेत. झेंडा मी सोडलेला नाही. सोडावा असं सुचवणाऱ्या तीन पालकांना मी उभ्याउभ्या विचारलं की, चूक कबूल करणारा झेंडेवाला तुम्हाला दुसरा कोणता मिळणार? शीतल मॅडमनी मान्य केलं, पण एका अटीवर : सामन्याच्या दिवशी शेवटची शिट्टी होईपर्यंत मी अन्नाला शिवायचं नाही. वंदना पहारा करते.

ही बातमी अण्णांपर्यंत गेलीच. पोरीचं लगन जमावं म्हणून साहेबांनी कडक उपास धरला आहे, असं ते कॉलनीभर सांगत फिरतात, आणि लोक माझ्याकडे आदराने पाहतात. लग्नाच्या बाबतीत अण्णांची आजवर एकही गोष्ट मी उलट ऐकवल्याशिवाय सोडलेली नाही. हे एवढं मात्र मी खोडून काढलेलं नाही. खरं कारण मी सांगत बसलो, तर ते चार रोडगे अमरावतीतही पोचतील.