दहा वाजताची दोरी

माझी पत्नी वारली. त्यानंतर रायपूरच्या भाजीबाजारात मी रोज सकाळी जाऊ लागलो. तिथल्या पालकवालीची भाजी दहाच्या उन्हात माना टाकायची. एके दिवशी एक माणूस तिला आडोसा बांधून द्यायला आला. बांबू रोवण्याआधी तो तिच्या पोत्यावर बसून खडूने रस्त्यावर सरकत्या सावलीच्या रेघा ओढत राहिला. शेजारी मी जुड्या चाळत होतो. मग त्याने दोरीने सरकणारं कापड बांधलं.

“तराजू सोडून दोरी कोण ओढन?” तिने विचारलं.

तो माझ्याकडे वळला. “काका, एक जुडी निवडाले तुम्ही अर्धा घंटा लावता. दहा वाजले का तुम्हीच ओढा नं!”

ती खदखदून हसली. “हव, काकाले कुठं घाई हाय!”

तो पुन्हा दिसला नाही. दहाला दोरी मी ओढतो. पालक दुपारपर्यंत टिकतो.