उशिरा उठलेली बंदी

नवरा गेल्यापासून सिग्नेला आधार होता तो तिच्या मेंढ्यांचा. नॉर्वेच्या सरहद्दीलगतच्या डोंगरात त्या उन्हाळाभर मोकळ्या चरायच्या. पण त्या उन्हाळ्यात लांडग्यांनी निम्मा कळप फाडला. काही मेंढ्या अर्धमेल्या पडून तडफडत होत्या. त्यांना शेवटची गोळी सिग्नेनंच घातली.

शिकारीचा हंगाम ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत ती उभी राहिली. "सगळे लांडगे मारा असं नाही म्हणत मी. आमच्या डोंगरातली ही एक टोळी तेवढी मारू द्या." समितीनं होकार दिला, पण महिन्याभरात राजधानीतून तो निर्णय फिरवला गेला. लांडगे मारायची बंदी कायम राहिली.

"त्यांना लांडगा दिसतो तो चित्रात!" शेजारचा हालवार चिडून म्हणाला. "मग कौतुक वाटणारच."

थंडीच्या आधी सिग्नेनं उरलेला कळप विकून टाकला.

पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि बंदी उठली. पहिल्याच बर्फात हालवारनं एक लांडगीण टिपली आणि तो धावत सिग्नेकडे आला. "चल, बघ तरी! तुझा सूड उगवला."

ती गेली. लांडगिणीच्या मानेवरून तिनं हात फिरवला. अंग अजून गरम होतं.

"आता कशाला मारलीस रे हिला?" ती म्हणाली. "राखायला माझ्याकडे उरलंय काय?"

हालवारचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "वसंतात माझी चार कोकरं घेऊन जा."

"नको रे. पुन्हा जीव लावायची ताकद नाही माझ्यात."