रंगाचे पन्नास वजा

जानेवारीचा पहिला शनिवार. सकाळचे साडेनऊ. रक्कम सहाशे पन्नास. हजर: वर्गशिक्षिका मॅडम, माझी सहावीतली मुलगी, मी आणि मागे रांगेत सात पालक.

शाळेच्या स्नेहसंमेलनात 'जगातील लोक' हा कार्यक्रम होता. माझी मुलगी आफ्रिकेच्या गटात. सहा मुली. पोशाख आणि रंग धरून वर्गणी सगळ्यांना सारखी. मी तीन नोटा टेबलावर ठेवल्या. पाचशे, शंभर, पन्नास. मॅडमनी वही पाहिली, मुलीकडे पाहिलं आणि पन्नासची नोट माझ्याकडे परत सरकवली.

"ही आफ्रिकेत ना? मग रंगाचे पन्नास राहू द्या. हिला रंगाची गरजच नाही."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चला, साहेबांची बचत झाली."

लोक हसले. मीही हसलो. "थँक्यू मॅडम," म्हणालो. नोट घडी करून खिशात घातली. पावती तपासली. सहाशे. बरोबर होती.

गाडीवर मुलगी मागे बसली होती. सेव्हन हिलच्या चौकात सिग्नल लागला. तेव्हा म्हणाली, "पप्पा, त्या पाच जणींना काळा रंग लावणारेत. मला का नाही?"

सिग्नल सुटला. मी गाडी काढली. काहीच वाटत नव्हतं. राग नाही, लाज नाही. दाढ काढण्याआधी सुई दिली की गाल बधिर होतो, तसं झालं होतं.

हे नवं नव्हतं. गावी, पिशोरला, सातवीत भूगोलाच्या सरांनी मला नकाशाशेजारी उभं केलं होतं. छडीचं टोक आधी आफ्रिकेवर, मग माझ्या गालावर. "तिथले लोक असे असतात, बघा." सरपंचांचा मुलगा माझ्याहून काळा होता. तो बाकावर होता. आमचं घर बौद्धवाड्यातलं. उभं मला केलं. तेव्हाही मी हसलो होतो.

घरी येऊन मुलीला दिलेली वाक्यं वाचली. 'आमचा देश आफ्रिका. आम्ही जंगलात राहतो. आम्ही शिकार करतो.'

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. आमचे पाण्याचे पंप टांझानियाला जातात. गेल्या वर्षी तिथल्या इंजिनिअर बाई माल तपासायला आल्या होत्या. निळा कोट, हेल्मेट, खिशाला पेन. यादीत मी पंपाचे दोनशे चाळीस रबरी सील लिहिले होते. त्यांनी पेटी उघडून मोजले. दोनशे छत्तीस. एकोणीस वर्षांत माझी चूक पकडणारं ते एकच माणूस. चहा घेताना म्हणाल्या, आमच्याकडे कापूस पिकतो, गाठी बाहेर जातात, कपडा बाहेरून येतो. गोरे गेले, भाव अजून बाहेरच ठरतो.

संध्याकाळी बायकोला शाळेतलं सांगितलं.

"तुमी काय म्हणले मग?"

"थँक्यू म्हणालो."

"लेकीसमोर?"

"व्हय."

"आन् नोट?"

"खिशात."

"म्हंजी पोरीच्या कातडीचे पन्नास घरी घेऊन आले तुमी."

तेव्हा कुठं गाल दुखायला लागला.

सोमवारी अर्धी रजा टाकली. मुलीला घेऊन शाळेत गेलो. तीच नोट मॅडमसमोर ठेवली.

"अहो, मी चांगल्या मनानं म्हणाले होते."

"पावती सहाशे पन्नासची करा. सगळ्यांची आहे तेवढी."

"पण हिला रंग लागणारच नाही."

"टांझानियाचं माणूस दाखवायला कुणालाच लागत नाही. ही हेल्मेट घालून, मालाची यादी घेऊन उभी राहील. वाक्यं तिनं स्वतः लिहिलीत."

"असं केलं तर आफ्रिकन वाटणार नाही ओ."

मुलीनं दप्तरातून कागद काढला. पहिलं वाक्य वाचलं. "मॅडम, आफ्रिका हा देश नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नाही. ही अशी उभी राहणार नसेल तर स्टेजवर येणार नाही, एवढंच म्हणालो. त्यांनी जुनी पावती घेतली, नवी फाडून दिली. मी तपासली. सहाशे पन्नास.

पन्नास रुपये भरले. वर्गशिक्षिकेकडे, मुलीच्या समोर. थँक्यू म्हणालो नाही. कातडीवरची सूट यापुढे माझ्या घरात कुणी घेणार नाही.