धार नसलेलं हत्यार

हत्यारांची पेटी अजून माझ्या खाटेखाली आहे. ही, माझी बायको, गेल्यापासून तिघेजण विचारून गेले, विकायची का. दोघांना लोखंड हवं होतं, एकाला दिवाणखान्यात मांडायला जुनं काहीतरी. तिघांनाही चालते व्हा म्हणालो. ती पेटी घेतली त्या दिवसाचं लिहून ठेवतो. शाळा चौथीत सुटली माझी, शब्द चुकले तर चुकू देत.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी रहाटाचा सुतार. आमच्याकडे नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपायच्या त्या रहाटानं. विहिरीवर उभं लाकडी चाक, त्यावर गाडग्यांची माळ. बैल गोल फिरला की आडवं चाक फिरतं आणि त्याचे दात उभ्या चाकाला ओढतात. दात एका मापाचे पडले नाहीत तर रहाट अडखळतो, बैलाची मान सोलते, गाडगी फुटतात. बाकी सुतारकाम कुणीही शिकेल. दात बसवणं सगळ्यांना जमत नाही.

मला जमायचं. पण स्वतःचं म्हणून एक हत्यार माझ्याकडे नव्हतं. वडिलांची हत्यारं वाटणीत मोठ्या भावाकडे गेली आणि मी त्याच्या हाताखाली राबायचो. तो चारचौघांत म्हणायचा, "हत्यारं माझी, हात याचे. हात काय, बाजारात ढीगभर मिळतात." ही ते ऐकायची आणि भाकरी थापताना परातीचा आवाज वाढायचा.

मग नागावच्या एका वाडीवाल्यानं मला एकट्याला गाठून सांगितलं, "पाऊस सरला की नवा रहाट बसवायचाय. तुलाच देतो. पण हत्यारं तुझी आण, भावाची नकोत. उद्या तुमचं भांडण माझ्या विहिरीवर नको." त्याच सुमारास किहीमचा एक म्हातारा सुतार वारला होता. त्याच्या आज्यापासूनची हत्यारं घरात पडून होती. त्याचे रहाट कधी अडखळले नाहीत असं सगळे म्हणत. त्याच्या बायकोशी व्यवहाराचं बोलणं झालं होतं. आमच्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्यात जाणार होतं, म्हणून बघायचं एवढंच, की पेटी पुरी आहे का. अपुरी निघाली तर नागावचं काम गेलं, आणि पुन्हा भावाचं अंगण.

"मी पण येते," ही म्हणाली.

"तुला काय कळतं हत्यारातलं?"

"हत्यारातलं न्हाय कळत. पण तुम्ही तोंड उघडलंत की काम बिघडतं, ते कळतं."

भाड्याच्या बैलगाडीनं किहीमला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. म्हातारीनं ओटीवर पेटी उघडली आणि बाजूला बसून राहिली. मी एकेक बाहेर काढलं. करवत वाकवून सोडली, ती सरळ झाली. रंध्याचा तळ उजेडाकडे धरून बघितला. काटकोन बघायचा गुण्या फळीला लावून रेघ मारली, मग उलटा करून त्याच जागी मारली, दोन्ही रेघा एकावर एक आल्या. तासायचा वाकस नखानं वाजवला, पोलाद चांगलं बोललं. पटाश्या झिजल्या होत्या, पण अजून माझं आयुष्य निघालं असतं. एकेका दांड्याला त्या माणसाच्या मुठीचा खळगा होता. माझी मूठ त्यात बसली. मनात म्हटलं, पुरी आहे, घेऊन टाकू.

तेवढ्यात ही म्हणाली, "मावशे, खंडेनवमीला पूजा कशावर मांडत होतात?"

म्हातारीनं आतून फणसाची फळी आणली. खंडेनवमीला आम्ही हत्यारांना हात लावत नाही. तेल लावून मांडतो, हळदकुंकू वाहतो. या घरात वर्षानुवर्षं एकच फळी आणि एकच क्रम. त्यामुळे प्रत्येक हत्याराखाली तेलाचा काळा डाग उमटला होता, त्या-त्या आकाराचा. हिनं मला काही न सांगता एकेक हत्यार त्याच्या डागावर ठेवायला सुरुवात केली. शेवटी एक डाग उरला. हातभर लांब, दोन बोटं रुंद, आणि एका कडेला फणीसारखे दाते.

माझं डोकं फिरलं. ते दातांचं माप होतं. प्रत्येक रहाटवाल्याचं स्वतःचं असतं, खैराच्या पट्टीवर खाचा पाडलेलं, आणि दुसऱ्याला कुणी दाखवत नाही. बाकीची पेटी कुठल्याही सुताराची होती, माप तेवढं त्याचं होतं.

"म्हातारे, माप लपवलंस," मी म्हणालो. "लोखंड माझ्या गळ्यात मारतेस आणि माप दुसऱ्याला विकतेस!"

"आधी तुझ्या तोंडाला रंधा मार," म्हातारी उसळली. "हत्यार म्हणून घरात होतं ते सगळं तुझ्यापुढं हाय. वाकस मोज, पटाशी मोज. चोर समजलास व्हय मला?"

मी पायात वहाणा घालायला लागलो. बघतो तर ही जागेवर नव्हती. माजघरात गेली होती. तिथं आढ्याला लुगड्याची झोळी टांगलेली, त्यात म्हातारीची नात निजलेली. झोळी मिटू नये म्हणून वरच्या बाजूला एक पट्टी आडवी घातलेली. ही झोळीला हलकेच झोका देत होती आणि दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवरून फिरवत होती.

"इकडं या," ती कुजबुजली. "वहाणा काढून या."

माप तेच होतं. म्हातारी मागून आली, तिनं कपाळाला हात लावला. "ही काठी? अरे, हिला धार कुठं हाय? धार न्हाय ते हत्यार कसं?"

मीही सकाळपासून धारच बघत होतो.

म्हातारी पट्टी ओढायला पुढे झाली. हिनं तिचा हात धरला. "पोर निजलीय. उठू दे."

"बाहेर गाडीवाला थांबलाय," मी म्हणालो.

"थांबू दे की. न्हायतर जाऊ दे."

आमच्या घरी झोळी बांधायची वेळ आली नव्हती. पुढेही आली नाही. मी बाहेर गेलो, सरपणातलं एक लाकूड घेतलं, त्याच वाकसानं तासलं, त्याच रंध्यानं गुळगुळीत केलं. त्या पेटीतल्या हत्यारांनी केलेलं माझ्या हातचं पहिलं काम म्हणजे ती झोळीची पट्टी.

पोर उठली. पट्ट्या बदलल्या. माप उजेडात धरलं तर टोकं गुळगुळीत. लुगडं फाटू नये म्हणून म्हातारीच्या सुनेनं दोन्ही टोकांच्या खाचा दगडावर घासून टाकल्या होत्या.

"मेलं हे माप," मी म्हणालो. "पेटी अपुरी."

हिनं पट्टी माझ्या हातातून घेतली. वाडीवाल्यांच्या सुपाऱ्या निवडून हिची बोटं तयार झाली होती, किडकी सुपारी न बघता बाजूला काढायची. डोळे मिटून तिनं टोकावरून बोट नेलं. "हायत. गेल्या न्हाईत. बुजल्यात. ही एक. ही दुसरी."

"मला तर लागत नाहीत."

"तुम्हाला नसतील लागत. मी सांगेन तेव्हा रेघ मारा."

मी पेटी घेतली, म्हातारीनं पूजेची फळीही सोबत दिली. भावाला कळलं तेव्हा म्हणाला, "आता बायको मापं सांगणार व्हय?" मी म्हटलं, "व्हय." दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

नागावचा रहाट अडखळला नाही. त्यानंतरही कित्येक केले. दर वेळी चाक अंगणात आडवं पडलेलं, पट्टी धरून ही उकिडवी बसलेली, "हं" म्हणाली की मी रेघ मारायची. टोकाला आली की डोळे मिटायची. माप नवीन पाड, असं लोक सांगत. पाडलं असतं. नाही पाडलं.

मग वाड्यांत तेलावरची इंजिनं आली आणि रहाट थांबले. पेटी खाटेखाली गेली. पण खंडेनवमीला फळी ही काढायचीच, क्रम चुकू द्यायची नाही.

गेल्या श्रावणात ती गेली. या खंडेनवमीला मीच फळी काढली. तेल लावलं, एकेक डागावर एकेक हत्यार ठेवलं. माप शेवटी. ठेवण्याआधी डोळे मिटून टोकावरून बोट नेलं. काही लागलं नाही. नखानं बघितलं, अंगठ्यानं बघितलं. मग मधल्या शाबूत खाचांपासून सुरुवात केली आणि मोजत मोजत टोकाकडे आलो. एका जागी काहीतरी लागल्यासारखं वाटलं. खात्री नव्हती. पुन्हा मधून सुरुवात केली.