सही एकाची, काम दुसऱ्याचं

त्याला सगळे टेस्टर म्हणत. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी कायम टेस्टर अडकवलेला असायचा, म्हणून. बायको हसून सांगायची, "मला बघायला आले आणि आधी आमच्या घरातला मेन स्विच तपासला. तो पसंत पडला, मग माझ्याकडे वळले!"

माणूस कामाला चोख. वीजजोडणीचं लायसन्स त्याच्या नावावर होतं, दुकानाच्या भिंतीवर काचेत लावलेलं. धाकट्या भावाकडे मात्र ते नव्हतं. हात चांगला होता, पण परीक्षेचं नाव काढलं की त्याला घाम फुटायचा. दोनदा नापास झाला आणि त्यानं नादच सोडला. मग थोरल्याच्या लायसन्सवर धाकटा काम करू लागला. कायद्याची हरकत नव्हती. अट एवढीच, की लायसन्सवाल्यानं जागेवर जाऊन काम नजरेखालून घालायचं आणि मगच काम नीट झाल्याच्या दाखल्यावर सही करायची. टेस्टर जिने चढून जायचा, पेट्या उघडून एकेक तार ओढून बघायचा.

"दादा, माझ्यावर विश्वास नाही का रे तुझा?" धाकटा कुरकुरायचा.

"तुझ्यावर आहे. विजेवर नाही."

पुढे बायकोच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. टेस्टर दवाखान्याच्या बाकावर बसून होता, आणि धाकटा दाखला घेऊन तिथंच आला. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी गीझर बसवला होता. "छोटंसं काम आहे दादा, कुठं येतोस आता?" आत बायकोला भूल दिलेली. टेस्टरनं गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उंटावरून शेळ्या हाकल्या.

बायको बरी होऊन घरी आली. थंडी पडली, आणि एके सकाळी शिंप्यानं आंघोळीला नळ सोडला, तो शॉक लागून तिथंच कोसळला. तपासनिसानं स्विचची पेटी उघडली, तर अर्थिंगची तार नुसतीच लोंबत होती. कुठंच जोडलेली नव्हती.

शिंप्याला एकच मुलगी. तिनं तक्रार केली. लायसन्स ठेवायचं की काढायचं, हे परवाना समिती नगरपालिकेच्या भर सभेत, लोकांसमोर ठरवणार होती.

आदल्या संध्याकाळी धाकटा आला. "दादा, फोन आला म्हणून मी मध्येच उठलो. परत आलो आणि झाकण लावून टाकलं. ती तार..." त्यानं थोरल्याचा हात धरला. "माझं नाव घेऊ नकोस. तुझं फार तर लायसन्स जाईल, माझ्याकडे ते नाहीच, मी सरळ आत जाईन. पोरं लहान आहेत माझी."

बायको दारात उभी होती. भाऊ गेल्यावर ती म्हणाली, "अहो, खरं काय ते सांगून टाका."

"सही माझी आहे," तो म्हणाला. "म्हणजे काम माझंच."

बायकोचा भाऊ वकील. त्यानं बजावलं, "भाऊजी, जेवढं विचारतील तेवढंच. जिभेला हाड नसतं, लक्षात ठेवा."

सभागृहात पंखे करकरत होते. आधी गटारांचा विषय झाला, मग मोकाट कुत्र्यांचा. कुत्र्यांवर लोक असे हमरीतुमरीवर आले, की अध्यक्षांना टेबल बडवावं लागलं. शेवटी टेस्टरची पाळी आली. माइक एकदा किंचाळला आणि गप्प झाला.

"जोडणी तुम्हीच केली?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"अर्थिंग राहिलं कसं?"

"चूक झाली."

मागच्या रांगेत बसलेल्या धाकट्यानं मान खाली घातली. एवढ्यावर सगळं संपलं असतं. पण तक्रार करणाऱ्यालाही बोलायचा हक्क होता. शिंप्याची मुलगी उठली. ही आता शिव्याशाप देणार, असंच सगळ्यांना वाटलं होतं. टेस्टरनं त्याचीच तयारी केली होती.

ती हळू आवाजात म्हणाली, "मी लांब राहते. बाबांना शेवटचं वर्षभर भेटले नव्हते. घरी कुणी कामाला आलं की बाबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि काम संपेपर्यंत गप्पा मारायचे. तुमच्याशीही बोलले असतील. काय बोलले ते? माझं काही काढलं होतं का?"

टेस्टरनं तोंड उघडलं. काहीतरी सांगता आलं असतं. तुमची फार आठवण काढत होते, एवढं म्हटलं असतं तरी त्या पोरीला जन्मभर पुरलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालायला त्याची जीभ रेटेना.

"ताई," तो म्हणाला, "मी तुमच्या वडिलांना कधी पाहिलंच नाही. मी तिथं गेलोच नव्हतो."

"मग काम कुणी केलं?" अध्यक्षांनी विचारलं, आणि पुन्हा विचारलं. टेस्टर गप्प राहिला. पण त्यानं नाव घ्यायची गरजच काय होती? सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. धाकट्याची खुर्ची रिकामी होती.

समितीचे लोक उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर आले ते निर्णय घेऊनच. लायसन्स रद्द.

मेहुणा मात्र पायऱ्या उतरताना खुशीत होता. "भाऊजी, या समितीवाल्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलाय! चर्चा लोकांसमोर व्हायला हवी, हा नियम आहे. दार बंद करून ठरवलेलं टिकतच नाही." आणि त्याचं खरं ठरलं. वरच्या अधिकाऱ्यानं निर्णय फिरवला. लायसन्स तूर्त परत मिळालं, आणि सुनावणी पुन्हा लोकांसमोर घ्या, असा हुकूम झाला. "या वेळी फक्त गप्प बसा," मेहुणा म्हणाला. "बाकी मी बघतो."

टेस्टरनं भिंतीवरची काच उतरवली. बायकोला वाटलं, पुसायला काढली असेल. त्यानं आतलं लायसन्स काढलं, कार्यालयात जाऊन स्वतःच्या हातानं जमा केलं, आणि आपल्याला सुनावणी नको असं सांगून आला. मेहुणा चिडला. "जिंकलेला डाव उधळलात!"

"कसला डाव?" टेस्टर एवढंच म्हणाला.

धाकट्यावर खटला झाला. शिक्षा भोगून तो सुटला, तो परस्पर बायकापोरांना घेऊन दुसरीकडे निघून गेला. जायच्या आधी त्यानं निरोप धाडला होता, "लोकांसमोर माझी मान कापलीस. मला भाऊ नाही." पाण्यात काठी मारली तरी पाणी दुभंगत नाही, असं बायको समजूत घालताना म्हणायची. पुढं तिनंही ते म्हणणं सोडलं.

आता टेस्टर दुसऱ्याच्या दुकानात वायरी आणि बटणं विकतो. गिऱ्हाईक विचारतं, "ही कुठं जोडायची हो?" तो म्हणतो, "लायसन्सवाल्याला बोलवा, आणि काम होईपर्यंत समोर बसा."

कधीतरी तो भावजयीला फोन लावतो. ती बिचारी नीट बोलते. पोरं उंच झाली, थोरला शाळेत पहिला आला, सगळं सांगते. "तो आहे का जवळ?" टेस्टर विचारतो. पलीकडे कुणीतरी खोकतं. तो खोकला टेस्टर झोपेतही ओळखेल, लहानपणी एकाच पांघरुणात ऐकलेला.

"नाहीत, भाऊजी," ती म्हणते. "बाहेर गेलेत."

"बरं, बरं," टेस्टर म्हणतो. "आला की सांग, मी सहजच केला होता."