गैरहजर देशाची खुर्ची

वानखडे सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अकोल्याच्या कोर्टात उलटतपासणी घेत होते. ती पुरी केली, मग अमरावतीची बस धरली. अर्धवट सोडून आले असते तर सरांनीच झापलं असतं.

अमरावतीच्या लॉ कॉलेजात ते आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. आम्ही जेमतेम आठ जण. बाकीचे हसायचे... शेताच्या धुऱ्या-बांधावरच्या भांडणांवर पोट भरणाऱ्यांना समुद्राच्या हद्दी कशाला? सर पहिल्याच दिवशी वर्गात खटला उभा करत. वादी लहानसा देश, समोर बलाढ्य देश, आणि त्या बलाढ्यासाठी एक रिकामी खुर्ची. मग दाराशी जाऊन, कोर्टातला शिपाई देतो तसा, त्याच्या नावाचा तीनदा पुकारा. कोणी यायचं नाही. आमच्या वर्षी लहान देशाची वकील मी होते. एकतर्फी निकाल मागितला, मिळाला, खुशीत खाली बसले.

"जिंकली व पोरी तू," सर म्हणाले. "आता हुकूम बजाव. पोलीस कुठून आनशीन?"

मी चिडून म्हटलं, मग हा कायदा कसला, नुसतं राजकारण आहे. आणि ती खुर्ची बाजूला सारायला उठले.

"राहू दे तिले. तो आला नाई, पन बाहेर काय सांगून राहिला? कायदा मोडला म्हनते? नाई. मी कायद्यानंच वागलो, म्हनते. एवढा दांडगा, तरी काहून म्हनते व?"

राजकारण कायद्याला वाकवतं, पण कायद्याचं नाव घेतल्याशिवाय त्यालाही चारचौघांत उभं राहता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून खुर्ची हलवायची नाही. न येणाऱ्याला पुकारत राहायचं.

शोकसभेत प्राचार्य सरांबद्दल भरभरून बोलले आणि चहा घेताना मला म्हणाले, मुलं कमी आहेत, हा ऐच्छिक विषय आता बंद करतोय. मी शनिवारी येऊन शिकवते म्हटलं. बघू, म्हणाले. मी बघत बसले नाही. लेखी पत्र दिलं : शनिवारी अकरा वाजता सरांच्या वर्गात या आणि विषय का बंद करता ते मुलांना सांगा.

शनिवारी सहा मुलं आली. खुर्ची होती तिथेच होती. मी दाराशी जाऊन प्राचार्यांच्या नावाचा तीनदा पुकारा केला. त्यांची खोली समोरच, दार उघडं... ऐकू गेलंच असणार. कोणी आलं नाही.

फळ्यावर लिहिलं, 'प्रतिवादी गैरहजर'. खुर्ची हलवली नाही, आणि शिकवायला लागले.