नऊ सुतांचा मोठेपणा

आमचं घराणं उरणचं, ट्रेलरवाल्यांचं. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी ट्रक घेतला आणि आम्ही भावांनी बंदरातले कंटेनर ओढणारे ट्रेलर. अशा घरात वाढलेल्या माणसाची एक ठाम समजूत असते: जो पार्ट मोठा तो चांगला. टायर घ्यायचा तो एक नंबर मोठा, साखळी घ्यायची ती गरजेपेक्षा जाड. भाचीच्या लग्नात मी आहेर म्हणून पातेलं दिलं, तर तिच्या सासरच्यांनी ते गावजेवणाचा भात शिजवायला परस्पर नेलं. याच समजुतीपायी मी माझ्या बायकोच्या मनातली एक गोष्ट जवळजवळ मातीत घातली होती.

पन्नाशी उलटल्यावर धंदा भावांवर टाकून मी रेवदंड्याला सासुरवाडीच्या घरात राहायला आलो. गावाने घरजावई म्हणून माझी यथेच्छ टिंगल केली, ती रास्तच होती. घराच्या बाजूच्या शेडमध्ये सासऱ्यांची जुनी गाडी उभी होती. मुंबईत एके काळी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पळायची ना, तीच, गोल दिव्यांची. सासरे अलिबागला वकिली करायचे. आता ते मुलाकडे मुंबईत असतात आणि उजेड-अंधारापलीकडे त्यांना काही दिसत नाही. याच गाडीवर त्यांनी लेकीला ड्रायव्हिंग शिकवलं होतं. ती गाडी बायकोने माझ्या ताब्यात दिली ती एका अटीवर. म्हणाली, "बाबा येतील तेव्हा मांडवा जेट्टीवरून त्यांना मी आणणार. त्यांच्याच गाडीतून, मी चालवत."

मी हो म्हणालो आणि गाडीत जुनं म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही. मोठं इंजिन घातलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले. ओळखू येतील असे फक्त दिवे राहिले. शेवटी राहिला मास्टर सिलिंडर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो हा. हल्लीच्या गाड्यांमध्ये त्याच्या मागे बूस्टर असतो, त्यामुळे आपण नुसतं पाऊल टेकवायचं, जोर तो लावतो. आमच्या गाडीत बूस्टरची जागा मोठ्या इंजिनाने खाल्ली होती. म्हणजे जो काय जोर लावायचा तो पायानेच.

अलिबाग रस्त्यावर माझ्या एका मित्राचं गॅरेज आहे. तो स्वभावाने माझाच भाऊ. त्याने विचारलं, "किती सुताचा टाकू?" गॅरेजात सिलिंडरची आतली रुंदी सुतात मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच. मी उरणला भावाला फोन केला आणि एका टेम्पोचा नऊ सुतांचा सिलिंडर मागवून घेतला. तो हातात घेऊन मित्र म्हणाला, "एक नंबर! हा काय मरत न्हाय." आम्ही दोघांनी त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं कौतुकाने पाहिलं.

बसवल्यावर पेडल दगडासारखं कडक लागलं आणि मी खूश झालो. ट्रेलरवाल्यांत ब्रेक कडक असणं म्हणजे ब्रेक पक्का असणं. मी गाडी रस्त्यावर काढली, पेडल दाबलं, गाडी थांबली. माझं वजन इथे सांगत नाही. रेवदंड्याच्या रिक्षावाल्यांना ते ठाऊक आहे, ते मला दोन सीट धरतात. मला वाटलं ब्रेक उत्तम आहे. उत्तम होतं ते वजन.

मग बायको बसली. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि ही गोष्ट मला बाहेरून कळलेली नव्हती, इस्पितळात डबे मीच पोचवले होते. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेने तिने गाडी अगदी सावकाश नेली. वळणावर ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. तिने आणखी जोर लावला, आणि आमची गाडी कसलीही घाई न करता वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांमध्ये शिरली. मी हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे उभी राहिली. बोनेटवर बोंबील, आरशावर बोंबील. ज्या कोळणीचे ते होते ती धावत आली.

"ओ बाय, गाडी हाय का बैल? उभी करता येत न्हाय?"

बायकोने माफी मागितली, बोंबील गोळा करायला तिला हातभार लावला, आणि चावी माझ्या हातात दिली. ती चिडली असती तर मी सुटलो असतो. पण ती म्हणाली, "माझा पायच गेला हो. आता नाही जमायचं मला. रविवारी बाबा यायचेत, त्यांना रिक्षाने आणू."

माझी लायकी बघा, क्षणभर मलाही तेच वाटलं. पायच कमी पडला, बिचारी. सिलिंडर तर नऊ सुतांचा होता!

घरी येऊन मात्र तिच्या तोंडाकडे बघवेना. ती तांदूळ निवडत होती, आणि त्या तांदळात निवडण्यासारखं काही नव्हतं. मी शेडमध्ये जाऊन बसलो आणि गाडी हातात आल्यापासून पहिल्यांदा विचार केला. होळीला जाड पिचकारी दाबायला दोन्ही हात लागतात, बारीक पिचकारी पोर एका हाताने मारतं आणि तिची धार लांब जाते. सिलिंडरचंही तसंच. बारीक असेल तर त्याच पायाने जास्त दाब मिळतो, फक्त पेडल खोल जातं. टेम्पोत नऊ सूत चालत होते, कारण त्यांच्या मागे बूस्टर होता. मी उरणहून सिलिंडर तेवढा आणला आणि त्याचा जोर टेम्पोतच ठेवला. मला माझीच लाज वाटली.

मित्र ऐकेना. "बारीक टाकलास तर पेडल मऊ लागंल. लोक हसतील."

"लोकांना आत बसवतंय कोण?" मी म्हणालो. तो कुरकुरत सहा आणि सात सुतांचे दोन सिलिंडर घेऊन आला.

बायको गाडीत बसायलाच तयार नव्हती. तिला म्हटलं, "पाय नाही चुकला, सिलिंडर चुकला. आणि तो मी निवडला." दुसरं वाक्य ऐकून ती उठली. आधी सहा सुतांचा लावला. पाइपमधली हवा काढायला मी गाडीखाली आणि ती पेडलवर. मी खालून ओरडतोय, "दाब! धरून ठेव! सोड!" वरून आवाज आला, "ओरडू नका. गुडघा गेलाय, कान नाही."

सहा सुतांचं पेडल लोण्यासारखं आत गेलं. एकदा मोठ्या सिलिंडरचा मार खाल्ल्यावर मी आता लहानाचा भक्त झालो होतो. म्हटलं हाच, एवढं सोपं दुसरं काही असूच शकत नाही. "हे खाली टेकतंय," ती म्हणाली. "पायाखाली काही उरतच नाही. मला भीती वाटते." बरोबर होतं. पुढच्या डिस्कना ऑइल जास्त लागतं, आणि तेवढं ढकलता ढकलता पेडल तळाला जात होतं. मग सात सुतांचा लावला, पुन्हा हवा काढली. तिने दाबलं, डोळे मिटून पुन्हा दाबलं, आणि म्हणाली, "हा."

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने गेलो. आम्हाला बघताच कोळीण दोऱ्यांपुढे हात पसरून उभी राहिली. गाडी तिच्यापासून बरीच अलीकडे थांबली. तरी आम्ही मागे वळेपर्यंत तिने हात काही खाली घेतले नाहीत.

रविवारी मांडव्याला सासरे मेहुण्याचा हात धरून बोटीतून उतरले. मेहुणा त्यांना आमच्या स्वाधीन करून परतीच्या बोटीने गेला. सासऱ्यांनी गाडीच्या दिव्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोण चालवणार?"

"मी, बाबा."

ते पुढे बसले. मला मागे टाकलं. गाडी निघाली आणि त्यांनी लेकीला शिकवताना म्हणायचे तसं म्हणायला सुरुवात केली. दिसत काही नव्हतं, पण रस्ता अंगात होता. वळण यायच्या आधी म्हणायचे, "ब्रेक." नाका यायच्या आधी, "ब्रेक." दर वेळी ती म्हणायची, "हो बाबा," आणि दर वेळी तिचा पाय आधीच पेडलवर असायचा. मागे मी पायाखालची चटई दाबून दाबून घामाघूम झालो. अलिबागच्या बाजारात एक रिक्षा अचानक आडवी आली. सासऱ्यांना ती दिसणं शक्य नव्हतं, त्यामुळे कुणी 'ब्रेक' म्हणालं नाही. गाडी शांतपणे थांबली, रिक्षा गेली, आम्ही निघालो.

घरी पोचलो. सासरे हातपाय धुवायला गेले तशी ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "त्या रिक्षानंतर बाबा एकदाही ब्रेक म्हणाले नाहीत. लक्षात आलं तुमच्या?"

लक्षात आलं होतं. नागाव गेलं, चौल गेलं, सगळी वळणं गेली, आणि ते मागे टेकून गप्प बसले होते. 'सात सूत!' असं म्हणून श्रेय लाटायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिचे भरलेले डोळे दिसले, आणि मी तोंड मिटलं.